चौथ्या प्रकारचा कोट

“हात लावायचा नाही! आधी हात धुवा, कोरडे करा, आणि मग चिमटा वापरा,” भाऊजी गरजले.

दातवाल्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. हा खरोखरच दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून चरितार्थ चालवणारा माणूस, आणि त्याला भाऊजी स्वच्छता शिकवत होते. मी सोफ्याच्या कडेला बसून बघत होते. मला दोघांचाही राग येत होता. भाऊजींचा जास्त, कारण तो जुना होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाणीखात्यात मीटर तपासायची नोकरी केली, निवृत्त झाले. हौस एकच, जुने खेळण्यातले सैनिक. फूटभर उंचीचे, हातपाय वळणारे. बरं, सैनिकांचंही कौतुक नाही. कौतुक त्यांच्या कपड्यांचं. कोट, पट्टे, टोप्या, बूट. कारखाना कधीचाच बंद पडला, पण तो चालू असताना टिचबटणं पितळेची कधी होती आणि लोखंडाची कधी झाली, खिशाचं झाकण खरं उघडायचं की नुसतीच वरून टीप मारलेली असायची, यावर ही घोडी झालेली माणसं हमरीतुमरीवर येतात. सैनिकाच्या लांब कोटाचे तीन प्रकार सगळ्यांना मान्य आहेत. चौथा भाऊजींनी शोधला. तो जगात एकच, आणि तो ह्यांच्या काचेच्या कपाटात.

ह्या मंडळींनी आता त्या कपड्यांवर पुस्तक काढायचं ठरवलं होतं. त्यात चौथा प्रकार घालायचा की नाही, घातला तर भाऊजींच्या नावानं घालायचा की नाही, हे ठरवायला दातवाल्यासकट सगळी भाऊजींकडे जमली होती. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सकाळपासून ताईवर तीनदा खेकसून झालं होतं. एकदा कपांवरून, एकदा पंख्याच्या धुळीवरून आणि एकदा काहीच नसताना.

आणि तो कोट ताईनं शिवला होता.

हे घरात दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. लग्नाला चारपाच वर्षं झाली असतील, भाऊजी तिला म्हणाले, कोटावर धूळ बसलीय, जरा साफ कर. स्वतः गेले कामावर. हिनं आपला सरळ कोमट पाण्यात बुडवला. लोकरीचं कापड ते, आटून अंगठ्याएवढं झालं. मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “मला मारतील गं,” म्हणाली. मी म्हटलं, मारतात? तर म्हणाली, “मारत नाहीत. बोलत नाहीत मग. महिना महिना बोलत नाहीत.” मला ते मारण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग तिनं भाऊजींचीच एक जुनी, ऑफिसात नेऊन नेऊन झिजलेली पँट काढली. रंग जवळपास तोच, त्यातून नवा कोट बेतला. आटलेल्या कोटाची टिचबटणं उसवून ह्याला लावली, म्हणून त्यावरचा कारखान्याचा छाप खरा. अंग मशीनवर शिवलं, कॉलर आणि बाह्यांची टोकं हातानं. संध्याकाळी भाऊजी आले, बघितलं, धूळ गेली म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या रात्री ताई जेवली.

पुढे वर्षादोन वर्षांनी त्यांनी भिंगातून तो कोट बघितला आणि वेडेच झाले. कापड वेगळं! खिसा खाली! आणि टाके सगळे उलट्या बाजूला कललेले!

“ती बाई डावखुरी असणार,” आताही भाऊजी सगळ्यांना सांगत होते. चिमट्यानं कॉलर उलटून दाखवत होते. “कारखान्यात थोडेच दिवस टिकली असणार. तिच्या हातचा एकच कोट वाचलाय. बघा, टाके बघा. एकसारखे. यंत्राला लाजवतील. दुसऱ्या कुठल्याही प्रकारात एवढी माया नाही हो.”

माया! भाऊजींच्या तोंडी हा शब्द मी एवढ्या वर्षांत फक्त त्या कोटापुरताच ऐकला.

ताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. भाऊजी त्या डावखुऱ्या बाईबद्दल बोलायला लागले की ती अशीच थांबते. मी एकदा चिडून तिला म्हटलं होतं, सांगून टाक ना, काय खातील काय? तर म्हणाली, “आधी भीती होती म्हणून नाही सांगितलं. आता ऐकायला बरं वाटतं.” तीस वर्षं हा माणूस तिच्यासमोर बसून जेवतोय. ती कुठल्या हातानं वाढते, कुठल्या हातानं सुई धरते, ह्यांना पत्ता नाही. मीटरचे आकडे बरे वाचता यायचे!

दातवाल्यानं खिशातून एक छोटी बॅटरी काढली. “ही नोटा तपासायची. जांभळा उजेड पडतो. जुना सुती दोरा ह्यात काळाच दिसतो. नवा असेल तर चमकतो. पडदा ओढू का?”

“ओढा की,” भाऊजी म्हणाले. “दूध का दूध होऊन जाऊ दे.”

पडदा ओढला. कॉलरच्या आतल्या बाजूचे टाके एकदम पांढरेशुभ्र चमकले. शाळकरी पोरींच्या रिबिनींसारखे दिसत होते.

“हा दोरा कारखाना बंद पडल्यानंतरचा आहे,” दातवाला म्हणाला. त्याच्या आवाजात जो आनंद होता, तो मला अजिबात आवडला नाही. “घरगुती शिलाई. बटणं तेवढी खरी.”

“तुमची बॅटरी खोटी!”

“मग ह्या दुसऱ्या कोटावर धरू? हा बघा, काळा. साहेब, एक विचारू? राग मानू नका. बटणं खरी, बाकी सगळं नवं. हे कुणीतरी मुद्दाम केल्याशिवाय होत नाही. हा कोट कायम तुमच्याच कपाटात. मग केलं कुणी?”

बाकीच्यांनी भाऊजींकडे बघितलं. सरळ सरळ चोर म्हणण्याचाच प्रकार होता तो. भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला. एवढा नावाला जपणारा माणूस, हातातला चिमटा नुसताच उघडमीट करत राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, ह्याचाच मला राग आला.

“मी केला,” ताई म्हणाली.

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. “ह्यांना काही माहीत नाही. खरा माझ्या हातून धुण्यात गेला. मग मी हा शिवला.”

“तू गप्प बस,” भाऊजी म्हणाले. “मला वाचवायला म्हणून काहीही बोलू नकोस. हा हात आहे का तुझा? अगं, हे कारागिराचं काम आहे. तुला साधं बटण...”

“तुमच्या सगळ्या शर्टांची बटणं कोण लावतं, भाऊजी?” मी म्हटलं. माझं तोंड फाटकं आहे आणि ते मी शिवून घेणार नव्हते.

“तू मध्ये पडू नकोस!”

ताई आत गेली. शिवणाचा डबा घेऊन आली. तळातून त्या पँटीचा उरलेला तुकडा काढला, दुमडला, डाव्या हातात सुई धरली आणि काठावर टाके घालायला लागली. बोटभर शिवण झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि तो तुकडा कोटाशेजारी ठेवला.

भाऊजींनी भिंग लावलं. बराच वेळ कोटावर, मग तुकड्यावर, मग परत कोटावर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आता बोला. जे परक्या बाईबद्दल इतकी वर्षं बोललात, ते हिच्या तोंडावर बोला. एक शब्द पुरे झाला असता.

“खरा कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“टाकून दिला.”

“टाकून दिलास,” ते म्हणाले. “आणि मला इतकी वर्षं मूर्ख बनवलंस.” त्यांनी सैनिकाच्या अंगातून कोट ओरबाडून काढला. एरवी चिमट्याशिवाय हात न लावणारा माणूस! बाही उसवली असती, पण उसवली नाही. कोट टेबलावरून ताईच्या दिशेनं फेकला. “घे. चिंधी आहे ही.”

“हात सुंदर आहे हो वहिनींचा,” दातवाला म्हणाला. आता जिंकल्यावर त्याला मोठं मन दाखवायचं होतं. “साहेब, असं करू. पुस्तकात शेवटी एक पान आहेच, नकली कपडे कसे ओळखावेत, त्याचं. ह्या कोटाचा मोठा फोटो तिथं टाकू. खाली तुमचं नाव, ह्यांच्या संग्रहातून म्हणून.”

भाऊजींनी मान वर केली. “नाव येईल?”

“येईल ना.”

“ठळक?”

“ठळक.”

मला तिथल्या तिथं उठून भाऊजींचं भिंग खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. भाऊजींनी ताईपुढे हात पसरला. “दे तो इकडे.”

ताईनं कोट उचलला होता. ती त्याच्या बाह्या सरळ करत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही काय? फोटो काढायचाय. दे म्हणतो ना.”

“हे कापड टाकाऊ होतं. शिवला मी. चिंधी म्हणून मला दिलात ना तुम्ही आत्ता, ह्या सगळ्यांच्या देखत?” तिचा आवाज चढलेला नव्हता. भाजीवालीशी बोलावं तसं बोलत होती. “बाहुला तुमचा. कोट माझा.”

“अगं, माझं नाव जाईल पुस्तकातून!”

“जाऊ दे.”

“मी बोलणार नाही तुझ्याशी,” भाऊजी म्हणाले. पाहुण्यांसमोर, पांढऱ्या केसांचा माणूस, असं म्हणाला.

“बरं,” ताई म्हणाली.

ती आतल्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं दिसत होतं. तिनं आपलं कपाट उघडलं. ठेवणीतले कपडे, जे ती वर्षातून एकदोनदा बाहेर काढते, त्यांची चवड थोडी उचलली. मग तळहातावर कोट पालथा ठेवून आधी एक बाही आत दुमडली, मग दुसरी, आणि घडी घातली. ती बसत नव्हती, एवढ्या लहान कपड्याची कशी बसणार? तिनं परत घातली. बाहेर कुणी खोळंबलंय असं तिनं जराही दाखवलं नाही.