सतरा नावांची हजेरी

मी तोंडाची फटकळ आहे, हे पिंप्राळ्यात कोणीही सांगेल. पण माझ्या तोंडापायी दुसऱ्या कोणाची नोकरी जायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

आमचा चटईचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, मालकांचं मोठं ऑफिस धुळ्याला. दिवाळीनंतर धुळ्याहून कागद आला आणि आमच्या शेडमधल्या सतरा जणांपैकी नऊ जणांना घरी बसवलं. काम मात्र सतरा जणांचंच राहिलं. मी कामिनी, मूळची तपासणीवाली. चटईला कुठे भोक आहे का, पट्टी सुटली आहे का, एवढंच बघायची. आता पितांबरचे गठ्ठे बांधणं आणि कुंदनचं कटिंग मशीनही माझ्या गळ्यात पडलं. नाकी नऊ आले. पण कामापेक्षा वाईट होती ती शांतता. डबा खाताना कोणी कोणाकडे बघायचं नाही. आपण उरलो याचा आनंद करायचा की लाज बाळगायची, हेच कळत नव्हतं.

आमचे सुपरवायझर जीवरामनाना रोज सकाळी वही उघडून एकेक नाव घेतात आणि कोणी कुठे उभं राहायचं ते सांगतात. पगाराची हजेरी अंगठ्याच्या मशीनवर होते, ही वही फक्त काम वाटायची. तिच्यात नवी यादी चिकटवायची होती, पण यादी टाइप करणारा माणूसच काढलेल्यांत निघाला. एके दिवशी सवयीनं नानांच्या तोंडून जुनंच नाव गेलं, "पितांबर." सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नानांचा चेहरा तर इतका उतरला की मला राहवेना. मी घोगरा आवाज काढून म्हटलं, "हजर."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. नानांनीही मान हलवत पितांबरच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. ज्याच्याकडे ज्याचं काम, त्यानं त्याच्या नावाला हजर म्हणायचं, तेही त्याच्याच आवाजात. पंचाईत झाली ती काढलेल्या लताबाईंच्या नावाची. त्या चटईच्या काठांना कापडी पट्टी शिवायच्या. ते मशीन आमच्यातल्या दोघींनी वाटून घेतलं, पण लताबाई नुसत्या शिवत थोड्याच होत्या? गोळी घेतली का, पाणी प्यालीस का, बोट मशीनपासून लांब ठेव, म्हणून दिवसभर आम्हाला दामटायच्या. ते काम कोण करणार? म्हणून त्यांच्या नावाला आठही जण एकदम "हजर" म्हणायचो. आणि म्हटल्यावर एकमेकांना दामटावंही लागायचं. काम तेवढंच होतं, पण उरकायला लागलं.

त्या वहीच्या पानाचा फोटो नाना रोज धुळ्याला पाठवायचे. महिनाभर तिकडे कोणी तो बघितला नाही. मग शिरसाळे साहेबांनी बघितला आणि फोन केला, "काढलेली नऊ माणसं रोज कामावर कशी? उद्या येतो. खोटी नोंद असेल तर जबाबदारी तुमची."

नानांची पाचावर धारण बसली. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. तरी त्यांनी फोनवर माझं नाव घेतलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. रात्री भाकरी गोड लागली नाही.

सकाळी साहेब आले. ते बोलायच्या आत मीच पुढे झाले. "साहेब, ही गंमत माझी. खुणा माझ्यामुळे झाल्या. नानांना काही म्हणू नका."

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "वही वाचा," ते नानांना म्हणाले. "रोज वाचता तशीच."

पितांबरचं नाव आलं. घोगरा आवाज काही निघेना. मी आपल्याच आवाजात हजर म्हटलं. कुंदनचं आलं, पुन्हा हजर. साहेबांनी मान वर केली. "परत तुम्हीच?"

"हो साहेब. आता कामिनी येईल, तीही मीच."

लताबाईंच्या नावाला आठही जण म्हणाले. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "यातली लताबाई कोण?"

"सगळे मिळून," नाना म्हणाले. "तरी त्या पुऱ्या होत नाहीत."

साहेब म्हणाले, आज मी या बाईंबरोबर फिरणार. फिरा म्हटलं. तपासणी, कटिंग, गठ्ठे, पुन्हा तपासणी. अकरा वाजता त्यांचा रुमाल भिजला. मग ट्रक येऊन उभा राहिला तसे त्यांनी बाह्या सरसावून माझ्याबरोबर सहा गठ्ठे बांधले. त्यातले दोन मला सोडून पुन्हा बांधावे लागले, पण ते मी बोलले नाही. दुपारी गठ्ठ्यावर बसकण मारून त्यांनी विचारलं, "बाई, हाई बठ्ठं तुम्हीच करतस?" धाप लागली तशी साहेबांची शिंदखेड्याकडची भाषा बाहेर आली.

"हो, सगळं मीच. तेच तर वहीत लिहिलंय, साहेब," मी म्हटलं.

संध्याकाळी जाताना ते वही बरोबर घेऊन गेले. पुढचे दहा दिवस आमचा जीव टांगणीला. अकराव्या दिवशी कागद आला. नाना जागेवर राहिले आणि नऊपैकी पाच जणांना परत बोलावलं होतं. नानांनी तो तीनदा वाचला, आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू वाच, मला खोटं वाटतंय." मी शेडभर ऐकू जाईल असा वाचला.

सोमवारी नानांनी साध्या कोऱ्या वहीत हातानं नावं लिहून आणली. पितांबरचं नाव आलं, तो स्वतः हजर म्हणाला. मग लताबाईंचं आलं. सवयीनं आम्हा आठ जणांची तोंडं उघडली आणि तशीच मिटली. मी तर तोंडावर पदर दाबला. लताबाईंचं लक्षच नव्हतं. माझ्या बोटाला कापलं होतं ते धरून, हळद का नाही लावली म्हणून त्या मला झापत होत्या. नानांनी पुन्हा नाव घेतलं, जरा हळू.

"नाना, नाव कितलं घेतस? आठेच शे ना मी," लताबाई म्हणाल्या. खरंच, इथेच तर होत्या त्या.

महिनाभर आम्ही आठ जण मिळून तो आवाज काढत होतो. एकालाही जमला नव्हता. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही मी होऊ दिलं.