नाल्यावरचा उतार

वैभवी गद्रेचा जन्म फरीदाबादचा, शाळा तिथलीच आणि नोकरीही तिथल्याच एका पूल बांधणाऱ्या कंपनीत. मराठी बोलायची ती घरात, तीही आई-बाबांच्या धाकानं. उंबरा ओलांडला की हिंदी. पानिपतच्या अलीकडे एका नाल्यावर पायपुलाचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा बाबा, म्हणजे बळवंतराव, जेवता जेवता थांबले.

"तिथून निघण्याआधी एकदा रणभूमीला हात जोडून ये," एवढंच म्हणाले.

"बाबा, मी सर्व्हेला जातेय यार."

गावाचं नाव जोतन माजरा. मोजकी घरं, म्हशी, मोहरीची शेतं, आणि प्रत्येक अंगणात परदेशातून आलेल्या जुन्या स्वेटरांचे ढीग. पानिपतच्या गिरण्यांत त्यांचा पुन्हा धागा होतो. त्याआधी गावातल्या बायका बसून त्यांची बटणं कापतात. नाला म्हणजे यमुनेचा जुना फाटा. पलीकडच्या काठापासून थेट रणभूमीपर्यंत सपाट रान, आणि जानेवारीत त्यावर असं धुकं, की दुपारीसुद्धा पलीकडचा काठ दिसू नये.

वैभवीची उतरायची सोय शरबती ताईंकडे केली होती. तिकडे ताई म्हणजे थोरली काकू. गावातली सगळ्यात वडील बाई, हाडापेरानं मोठी, आवाज खणखणीत. चुलीपुढे बसून तिनं वैभवीला गावाची कथा सांगितली. लढाईच्या वेळी इथं चार झोपड्या होत्या. त्यांतली जोतन नावाची बाई दक्षिणेतून आलेल्या फौजेच्या छावणीत दूध घालायची आणि घालता घालता त्यांची बोली शिकली. फौज मोडली, माणसं सैरावैरा पळत नाल्यावर आली. तेव्हा जोतन काठावर उभी राहिली आणि तिनं त्यांच्याच बोलीत हाका मारून त्यांना पार केलं.

"कितनों की जान बचाई हमारी जोतन दादी ने," शरबती अभिमानानं म्हणाली. मग आवाज उतरवून पुढचं सांगितलं. धुकं दाटलं की पलीकडून अजून हाका येतात. गावातली थोरली बाई जोतनच्या थानापाशी जाते, जोतनचेच शब्द म्हणते, आणि मग सगळं शांत होतं. शब्दांचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. तो मंत्रच.

वैभवीनं मान डोलावली. साइटवर अशा कथा तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं नाल्याची खोली घेतली. जोतनचं थान, म्हणजे शेंदूर लावलेला दगड, ज्या काठावर होतं तिथं पट्टी तळाला लागेचना. दोर सोडला, तो जातच राहिला. खाली डोह होता. तिथून बरंच खाली, कीकरांच्या, म्हणजे बाभळींच्या, झाडांपाशी, पाणी गुडघ्याएवढं आणि तळ टणक कंकराचा. पूल तिथं बांधायचा, असं तिनं ठरवलं. मातीचा नमुना घ्यायला डोहाच्या कडेला भोक पाडलं, तर गाळाबरोबर हिरव्या बांगड्यांचे तुकडे वर आले, आणि एक जोडवं. मजुरांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "निकलते रहते हैं जी," एकजण म्हणाला.

ते जोडवं तिनं तळहातावर घेतलं. तसंच तिच्या आईच्या पायात होतं.

दुपार कलली आणि धुकं उतरलं. मजूर लगबगीनं निघून गेले. वैभवी सामान आवरत असताना पलीकडून आवाज आला. आधी म्हशी चालल्यासारखा, मग पुष्कळ माणसं दमून चालताना होतो तसा. आणि मग एक पुरुषी, सुकल्या घशाचा आवाज:

"उतार कोठें? अहो, उतार कोठें?"

मराठी! तिला वाटलं, कुणी सहलीला आलेलं चुकलं असेल. ती ओरडली, "कोण आहे तिकडे?" पण उत्तर आलं नाही. तोच प्रश्न, आता बाईच्या आवाजात. मागे मूल रडत होतं. त्याच वेळी डोक्यावर पदर ओढून गावातल्या बायका वाटेनं आल्या, पुढे शरबती. ती थानापाशी उभी राहिली आणि तिनं खणखणीत सूर लावला:

"हुतारा हाच, हुतारा हाच! याया, याया! भ्यूनका!"

मग पाण्यात पाय पडल्याचे आवाज, एकामागून एक. पाण्यावर मात्र साधा तरंगही उठला नाही. एक किंकाळी अर्ध्यात तुटली. मग काहीच नाही.

"गए," शरबती म्हणाली आणि बायका परतल्या.

वैभवीनं बाबांना फोन लावला. "बाबा, उतार म्हणजे काय? स्लोप ना?"

"स्लोपही. पण नदीचा उतार म्हणजे जिथं पाणी उथळ असतं, पायी पार होता येतं, ती जागा. जुना शब्द आहे. का गं?"

उतार हाच. या, या. भिऊ नका. फोन हातात तसाच धरून ती डोहाकडे बघत राहिली. जोतननं माणसं पार केली नव्हती. तिनं त्यांना बुडवलं होतं. आणि बुडालेल्यांचं जे काही सोनंनाणं काठाला लागलं असेल, त्यावर हे गाव उभं राहिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या भल्या बायका, पुण्य समजून, त्या फौजेतल्या उरलेल्या माणसांना त्याच पाण्यात बोलावत होत्या.

दुसऱ्या दिवशी धुकं सकाळपासूनच हललं नाही. काम बंद राहिलं, तरी वैभवी शरबती आणि बायकांच्या मागोमाग काठावर गेली. हाक आली. शरबतीनं तोंड उघडलं, तोच वैभवीनं तिचा दंड धरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली:

"येऊ नका! इथं डोह आहे! खाली जा, झाडांपाशी! उतार तिकडे आहे!"

पलीकडे कुजबुज झाली. मग पावलं वळली आणि काठाकाठानं कीकरांकडे निघाली. बायका थिजल्या. "के कर दिया तन्ने, छोरी?" शरबती पुटपुटली.

पाणी खळखळलं. गुडघाभर पाण्यातून चालताना होतं तसं, पुष्कळ वेळ. आणि मग ते अलीकडच्या काठावर आले. दिसत काहीच नव्हतं. वाटेवरचं धुकं मात्र माणसं जातायत तसं दुभंगत होतं, पुन्हा मिटत होतं. गोठ्यांतल्या म्हशी एकजात उठून उभ्या राहिल्या. ओल्या लोकरीचा, घामाचा, जुन्या रक्ताचा वास आला. एक बाई वैभवीच्या अगदी कानाशी थांबली. तिचा श्वास थंड होता.

"दिल्ली किती लांब, बाई?"

"दोन-तीन दिवस," वैभवीच्या तोंडून आपोआप गेलं. "सरळ रस्ता आहे. जपून जा."

धुकं विरलं तेव्हा गावात एक थेंब पाणी नव्हतं. मडकी, बादल्या, म्हशींचा हौद, सगळं कोरडं ठणठणीत. कितीतरी दिवसांची तहान एका दमात भागवावी तसं.

त्या संध्याकाळी शरबतीनं तिला चुलीपुढे बसवलं. "आमच्या मंत्राचा अर्थ काय? खरं सांग."

वैभवीनं सांगितलं. शब्दन्‌शब्द. डोहाची खोलीही सांगितली.

शरबतीनं आधी मानलंच नाही. "झूठ. जोतन दादी ऐसी ना थी." मग तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "और भ्यूनका?"

"भिऊ नका. डरो मत."

"डरो मत," म्हातारीनं सावकाश म्हटलं. "और उन्होंने मान लिया." मग तोंडावर पदर घेतला.

गावानं वैभवीचे आभार मानले नाहीत. सरपंचानं कंपनीला फोन करून, फार अदबीनं, दुसरा इंजिनिअर मागितला. पुलाचं काम मात्र तिनं सांगितलेल्या जागीच सुरू झालं, कीकरांपाशी.

फाल्गुनात एकदा शरबतीचा फोन आला. थानाचा दगड बायकांनी उपटून डोहात टाकला होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच केलं. गावाचं नावही बदलायचं म्हणतात, पण दुसरं नाव कुणाला सुचत नाही.

"आता पलीकडून कुणी येत नाही," ती म्हणाली. "पण डोहातून येतात, बेटी. तुझ्या हाकेआधी आमच्या मंत्रानं बुडालेले. ते काही विचारत नाहीत, नुसतं आमचं नाव घेतात. घराघरातल्या एकेकाचं. त्यांना काय सांगू?"

वैभवीनं फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे म्हातारीच्या श्वासामागे पाणी वाजत होतं.