बर्फावरच्या नळ्या

माझा दादा शिकवतो तेव्हा आधी रडवतो. त्याचं म्हणणं, रडून शिकलेलं माणूस विसरत नाही. लहानपणी त्याने मला सायकल अशीच शिकवली. उतारावर सोडून दिलं आणि स्वतः वर उभा राहून हसला. माझ्या हनुवटीवर अजून व्रण आहे आणि सायकल मला आजही येत नाही.

वर्षातून दोनदा तो पाच दिवसांचं शिबिर घेतो. रक्तातली लिपिडं, म्हणजे साध्या भाषेत चरबीचे नाना प्रकार, मोजून आजार ओळखू पाहणारे संशोधक त्याच्याकडे येतात. मोजायला यंत्र आहे. थेंबभर रक्तातून सातशे प्रकार काढून दाखवतं. पण रक्त कधी घ्यायचं, किती वेळात गार करायचं, नमुने कोणत्या क्रमाने लावायचे आणि आलेल्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा, हे यंत्र सांगत नाही. ते दादा सांगतो. विद्यार्थी त्याला पाठीमागे कात्री म्हणतात. मी अर्ज, फायली, खोल्या आणि चहा बघते. ऑफिसात त्याला सर म्हणते, घरी दादा. नोकरी त्यानेच लावून दिली, हे तो मला विसरू देत नाही आणि वहिनी तर मुळीच नाही.

प्रत्येकाने आपल्या अभ्यासाची फाइल तीन आठवडे आधी पाठवायची असा नियम आहे. अर्जात लिहिलंय, 'मार्गदर्शनासाठी'. खरं कारण असं की चौथ्या दिवशी दादाला एक बकरा लागतो.

यंदाचा बकरा मीच शोधला. इतकी वर्षं फायली चाळून माझीही नजर तयार झाली आहे. एका बाईंची फाइल होती. साठ यकृताचे रुग्ण, चाळीस निरोगी माणसं, सात वर्षांची मेहनत. रुग्णांच्या रक्तात चौदा लिपिडं वाढलेली, निरोगी माणसांत नाहीत. दिसायला दृष्ट लागण्यासारखं. मग मी वेळांचे रकाने बघितले. रुग्णांचं रक्त सकाळी आठला वॉर्डात काढलेलं आणि प्रयोगशाळेत पोचलेलं साडेबाराला, कारण शिपाई सगळ्या नळ्या जमल्यावर एकच खेप करायचा. निरोगी माणसं म्हणजे प्रयोगशाळेतलेच सहकारी आणि बाईंच्या घरचे. त्यांचं रक्त यंत्राशेजारी काढून दहा मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून, पेशी वेगळ्या करून गोठवलेलं. रक्त नुसतं उभं राहिलं की काही लिपिडं मोडतात, काही वाढतात. ती चौदा नेमकी तीच होती.

एकच आशा होती. शेवटच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं की वॉर्डातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या तपासणीसाठी त्याच साठ रुग्णांची एकेक नळी लगेच बर्फावर ठेवून गोठवली होती. त्या नळ्या रुग्णालयाच्या फ्रीजरमध्ये आहेत, फ्रीजर महिनाअखेर रिकामा करणार. त्या परत मोजल्या असत्या तर खरं काय ते कळलं असतं, आणि बाईंचा प्रबंध कदाचित वाचला असता.

मी फाइल दादापुढे ठेवली. तो जेवायला बसल्यासारखा खुर्ची पुढे ओढून बसला.

"हिला कळवू या का, दादा? नळ्या आहेत अजून."

"सर म्हण."

"सर, कळवू या का?"

"आणि चौथ्या दिवशी काय दाखवू? माझं तोंड? असं उदाहरण दहा वर्षांत मिळालं नाही. महिनाअखेर म्हणते ना ती? शिबिर वीसला सुरू होतंय. वेळ आहे."

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. खोली एकटीला हवी की वाटून, एवढं विचारायला. त्या म्हणाल्या वाटून चालेल, एकटीला झोप लागत नाही. मग आपणहून सांगत बसल्या की प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय, परीक्षक अडवतील म्हणून आधी हे शिबिर करून घेतेय. माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. दादाचा राग मला परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर चौथा दिवस मलाही बघायचा होता.

शिबिरात त्या पहिल्या बाकावर बसल्या. जाड वही, त्यात तीन रंगांची पेनं. पहिल्याच दिवशी मी त्यांचं नाव वहीवाली ठेवलं. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन उभ्या राहायच्या. "सासूबाई म्हणतात, चरबी मोजायला सात वर्षं? आम्ही नुसतं बघून सांगतो." स्वतःच हसायच्या. नवरा, मोठी जाऊ, दीर, सगळ्यांचं रक्त काढलं म्हणे त्यांनी, आणि जाऊबाई अजून दंड चोळून दाखवतात. मी चहा ओतत हसत राहिले.

चौथ्या दिवशी दादाने पडद्यावर शंभरेक ठिपके दाखवले, एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस, नावं आणि रंग काढून. उजवीकडे एक घोळका, डावीकडे एक. "रुग्ण कोणते? या, बाई, तुम्हीच वर्तुळ काढा."

वहीवालीने आपलाच आलेख ओळखला. खुशीत उठली आणि उजव्या घोळक्याभोवती वर्तुळ काढलं.

"मोजा."

तिने मोजले. "पासष्ट."

"रुग्ण तर साठ. हे पाच पाहुणे कोण?"

"ते मी वगळले होते, सर. त्या दिवशी सेंट्रिफ्यूजचं झाकण अडकलं. रक्त बाकावरच राहिलं."

"मी परत घातले. माणसं निरोगी होती ना?"

"हो."

"किती वेळ राहिलं रक्त?"

"चार तास."

"आणि वॉर्डातून रुग्णांचं रक्त यायला किती वेळ लागायचा?"

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत होता आणि तो कसा पडतो ते दादा आवडीने बघत होता.

"बाई, वेळ?"

"चार... साडेचार तास."

"या पाचांतला हा टोकाचा ठिपका. नात्याचा रकाना वाचा."

"नवरा," ती म्हणाली.

"अभिनंदन. तुमच्या शोधाप्रमाणे तुमच्या यजमानांचं लिव्हर कामातून गेलंय. घरी फोन करा." वर्गात हशा पिकला. मीही हसले, हे लपवत नाही. "सात वर्षं तुम्ही वॉर्डातल्या शिपायाची चाल मोजत होतात. त्याला पीएचडी द्यायला हवी."

ती फळ्याजवळच उभी होती. खाली बसायला तिला कोणी सांगितलं नाही आणि ती स्वतःहून बसली नाही. मार्करचं टोपण लावायचा प्रयत्न करत होती, ते लागत नव्हतं.

मागून एका जाड चष्म्याच्या मुलीला दया आली. "मॅडम, लगेच गोठवलेलं काहीच नाही का?"

"होतं ना. साठच्या साठ नळ्या."

"मग झालं की! त्या लावा परत." वर्गाने सुटकेचा श्वास सोडला. दोघंतिघं टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

"मागच्या मंगळवारी टाकल्या," ती म्हणाली. "रुग्णालयाला जागा हवी होती. महिनाअखेरपर्यंत थांबायचं की आत्ताच रिकामा करू, असं विचारलं त्यांनी. मला वाटलं, काम तर संपलंय. मी सही दिली."

आता कोणी हसलं नाही. मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा दोन क्षण उतरला. नंतर तो वळला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: निष्कर्ष दुसऱ्याने तपासेपर्यंत नमुने टाकू नयेत.

"लिहून घ्या सगळे," तो म्हणाला. "हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही."

सगळ्यांनी लिहून घेतलं. वहीवाली जागेवर गेली आणि तिनेही लिहून घेतलं, लाल पेनाने, खाली रेघ मारून.

चहाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते. दादा हातभर अंतरावर पाठ करून उभा होता आणि कोणाशीतरी बोलता बोलता गप्प झाला होता.

"ताई, एक विचारू? माझी फाइल पहिल्यांदा केव्हा उघडली गेली? नोंद तुमच्याकडेच असेल ना?"

नोंद माझ्याकडेच होती. तारीख दोन, सकाळी सव्वाअकरा, आणि उघडणाऱ्याच्या जागी माझं नाव. मंगळवार त्यानंतर बारा दिवसांनी आला होता.

"परवा," मी म्हटलं. "परवा संध्याकाळी. त्याआधी सरांना वेळच मिळाला नाही."

ती बोटांवर दिवस मोजत राहिली. दोनदा मोजले. मग तिचे खांदे सैल पडले.

"म्हणजे मागच्या मंगळवारनंतर. तेव्हा सगळं होऊन गेलेलं." तिने माझा हात धरला. तिचे हात गार पडले होते. "मघापासून माझ्या मनात काय काय यायला लागलं होतं, ताई. वाटलं, यांना आधीच माहीत असणार. फोनवर किती आपुलकीने बोललात तुम्ही, आणि मी तुमच्याबद्दल असा विचार केला. मला माफ करा."

"असू दे, होतं असं माणसाचं," मी म्हटलं, आणि तिला माफ केलं.