उतारावरची जागा

पहाटेच्या निळसर, निःशब्द, निर्दय थंडीत कादवा नदीकाठची द्राक्षबाग गोठत होती. आभाळ निरभ्र होतं, वारा पडला होता. आणि निफाडच्या मातीत निरभ्र आभाळ व पडलेला वारा म्हणजे काय, हे पोराटोरांनाही कळतं. पानापानांवर दहिवराचा पांढरा थर धरत होता. मण्यांत नुकती कुठे साखर उतरू लागली होती. सूर्याआधी विहिरीचं कोमट पाणी वेलींच्या मुळाशी पोहोचलं नाही, तर मणी तडकणार होते.

वीज उन्हं वर आल्याशिवाय यायची नाही. विहिरीवरचा पंप फिरवायचा तो ट्रॅक्टरवरच, आणि ट्रॅक्टर दारात मुका उभा होता.

रंभाजीने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. दिवे लख्ख पेटत होते, बॅटरी जागी होती. स्टार्टरची मोटर तेवढी आतल्या आत चिकटून बसली होती.

तो जुना, तांबडा, तापट ट्रॅक्टर असाच होता. म्हणून रोज सांजेला रंभाजी त्याला गोठ्यामागच्या उतारावर लावी आणि चाकाखाली दगड देई. सकाळी दगड काढला, की ट्रॅक्टर आपल्याच वजनाने घरंगळे. गिअर टाकून क्लच सोडला, की धडधडत सुरू होई. चावी नुसती नावाला. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं.

पण काल मुक्ताला बघायला पारनेरकडचे पाहुणे आले होते. आणि मुलीच्या होणाऱ्या सोयऱ्यांना ढकलगाडी कोण दाखवतो? झाकली मूठ सव्वा लाखाची! रंभाजीने ट्रॅक्टर धुतला, पुसला, झेंडूची माळ घातली आणि थेट दारापुढच्या सपाट अंगणात मिरवत उभा केला. पाहुणे जेवले, थंडी पाहून मुक्कामाला राहिले. "घरी गेल्यावर कळवतो," एवढंच म्हणाले.

आता ती कालची शोभा अंगणात थिजून बसली होती.

त्याने तारांची टोकं खरवडली. टक्. पान्याने मोटरच्या पाठीवर हलके ठोकलं, मग जोराने ठोकलं, मग देवाचं दार ठोठावावं तसं ठोकलं. टक्. बोटं बधिर, श्वास पांढरा, पूर्व हळूहळू राखाडी. त्याच्या बायकोने, शेवंताने, खांदा लावला, मुक्ताने लावला. लोखंड तसूभर हललं नाही.

"अहो, पाहुण्यांना उठवा," शेवंता म्हणाली.

"अन् काय सांगू? धक्का मारायला या म्हणून?"

"बाग चाललीय हो."

रंभाजीने बागेकडे पाहिलं. एकेक काडी त्याने घागरीच्या पाण्यावर जगवली होती, एकेक वेल हाताने मांडवावर चढवली होती. नदीकडच्या ओळी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्याने एक पान हातात घेतलं. ते पापडासारखं मोडलं. त्याला रडू फुटलं, आणि रडतच त्याने पाहुण्यांच्या खोलीची कडी वाजवली.

मुलाचे वडील, दौलतराव, कानाला मफलर गुंडाळत बाहेर आले. बागेकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, रंभाजीच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. अंगावरची शाल ओट्यावर टाकली, आतल्या मुलाला हाक मारली आणि खांदा लावला.

हलला. वीतभर हलला, हातभर हलला, झेंडूची फुलं सांडत अंगण ओलांडून गोठ्यामागे आला. रंभाजी वर चढला. उतार लागला. गिअर, क्लच, एक जीवघेणा हिसका. आणि मग धड, धड, धडधड, धडधड.

दौलतराव धापा टाकत, गुडघ्यांवर हात टेकून हसले. "आमचा बी उतारावरच लावतो आम्ही, व्याही! काल तुमच्या दारात ढकलताना दिसू नये म्हणून शेजाऱ्याची जीप मागून आणली."

त्या धडधडाटात रंभाजीला यातलं काही ऐकू गेलं नाही. तो विहिरीच्या दिशेने निघालाही होता. शेवंताने मात्र ते 'व्याही' ऐकलं, आणि पदर तोंडाशी धरून ती तिथेच मातीत बसली.

नदीकडच्या ओळी गेल्या, त्या गेल्याच. पण उरलेल्या बागेत पाणी शिरलं. कोमट, मंद, वाफाळतं पाणी, वेलीमागून वेल, ओळीमागून ओळ. मांडवाखालून वाफ उठत राहिली, आणि त्या वाफेत सूर्य उगवला.