उजव्या हाताचे दोन स्क्रू

कुणाच्याही घरी गेलो की आमचे बाबा चहा नाही, पाणी नाही, आधी खुर्ची उलटी करायचे! सांधे चाचपायचे आणि डुगडुगत असेल तर खिशातल्या पेचकसानं तिथल्या तिथे नीट करून मगच बसायचे. आई कपाळाला हात लावायची. "अहो, आजारी माणसाला भेटायला आलोय, खुर्चीला नाही!"

तेव्हा बाबा कारखान्यात अख्खी खुर्ची करायचे, फळी निवडण्यापासून पॉलिशपर्यंत. दुकानात एखादी दिसली की मला कोपर मारून म्हणायचे, "ही आपली."

मग नवे साहेब आले, त्यांच्यामागून सरकता पट्टा आला, आणि कामाचे तुकडे झाले. एकानं पाय बसवायचे, दुसऱ्यानं पाठ. बाबांच्या वाट्याला खुर्चीचा उजवा हात आला. म्हणजे त्याचे दोन स्क्रू. खुर्ची येते, स्क्रू पिळायचे, खुर्ची जाते. कुठे, कोण जाणे.

पगार तोच, दमणूक उलट कमी. पण पेचकस खिशातून कपाटात गेला. "आता कसे शहाण्यासारखे बसतात," आई म्हणाली खरी, पण हसली नाही.

मी काय गप्प बसणारी आहे? शाळेत नव्या खुर्च्या आल्या, बाबांच्याच कारखान्यातल्या! त्यातली एक झकास डुगडुगत होती. पालकसभेला मी नेमकी तीच बाबांसाठी मांडली, पेचकस दप्तरात घातला आणि मैत्रिणींना सांगून ठेवलं, "बघाच आता, कशी उताणी पाडतात!"

बाबा बसले. खुर्ची डुगडुगली. मी दप्तरात हात घातला. बाबांनी उजवीकडचे दोन स्क्रू चाचपले. घट्ट होते.

"हलतेय ना, बाबा?"

"मागचा पाय आहे."

"मग करा की नीट! हा घ्या पेचकस."

"पाय माझ्याकडे नसतात गं."

"पण खुर्ची आपली ना?"

मी भलत्याच कुणाची चौकशी करतेय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. मागे एक मैत्रीण फिसकन हसली.

सभा संपल्यावर मीच खुर्ची उलटी केली. कुठला स्क्रू, किती पिळायचा, काही कळेना.

"बाबा, निदान सांगा तरी!"

ते दारापर्यंत पोचले होते. "राहू दे. शाळेला म्हणावं, तक्रार करा. बदलून देतात."