बाईसाहेबांना दार हवं होतं

मास्तरांच्या घराची पुढची खोली म्हणजेच शिलाईचं दुकान. तिथं एका कोपऱ्यात काकूंनी फळ्या आडव्या लावून एक चौकोन केला होता. त्यात बाईसाहेब आणि त्यांची लेक गुंडी राहायच्या. बाईसाहेब म्हणजे कुत्री. तिचा तोरा बघून मास्तरांनीच हे नाव ठेवलेलं. दुकानात जमिनीवर टाचण्या पडायच्या, एखादी पिल्लाच्या पोटात गेली तर काय घ्या! म्हणून मायलेकी फळ्यांआड. काकूंच्या मते अगदी सुखात.

पण हल्ली बाईसाहेबांच्या नाकावर राग असायचा. गुंडी जवळ आली की गुरगुर, मग दात. पिल्लू केकाटलं की काकू धावायच्या, त्याला उचलून कुरवाळायच्या, आईला बोट दाखवून दटावायच्या आणि पिल्लाला पुन्हा आत सोडायच्या. त्या दिवशी तर गुंडीच्या कानाला दात लागून रक्त आलं.

"ही आई आहे की कैदाशीण?" मास्तरांनी मशीन थांबवलं. "उद्या भाऊ टेम्पोतून कापड घेऊन येतोय. त्याच्याबरोबर हिला गोदामावर धाडतो."

"असं नका हो बोलू. मुकं जनावर आहे ते."

"मुकं? अख्ख्या गल्लीला ऐकू जातंय!"

बाईसाहेबांना काकूंनी लेकीसारखं सांभाळलं होतं. त्यांनी पिल्लाचा कान पुसला. ओरखडाच होता, पण उद्याचं कुणी सांगावं? मग तुरपाईचं काम घेऊन त्या फळ्यांच्या आत जाऊन बसल्या. 'देवा, हिचं काय दुखतंय ते मला दिसू दे,' एवढंच मनात म्हणाल्या.

गुंडी आली आणि दुधासाठी आईच्या पोटाला लोंबकळली. बाईसाहेबांनी तोंड फिरवलं. उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या. गुंडी मागोमाग हजर. त्यांनी पाठ केली, फळीला नाक लावून उभ्या राहिल्या. गुंडीनं शेपटी धरली. मग गुरगुर झाली, आणि मग दात.

काकूंच्या हातातली सुई थबकली. "अगं बाई! इतक्यांदा सांगून झालं होतं की गं तुझं. आणि जाशील कुठं? दार तर मीच बंद केलंय."

त्यांनी बाईसाहेबांना हळूच कुशीवर वळवलं. पोटावर पिल्लाच्या नखांचे लालभडक ओरखडे होते. काकूंनी दोरे कापायच्या कात्रीनं गुंडीच्या नखांची टोकं तेवढी उडवली. गुंडीनं जीव घेतल्यासारखा कांगावा केला. मग काकूंनी चौकोनात एक दणकट लाकडी खोकं ठेवलं, वर गोधडीची घडी घातली. आई चढेल, लेक नाही, एवढं उंच. जेवणाच्या ताटल्याही लांब लांब मांडल्या.

बाईसाहेब वर चढल्या, मोठा सुस्कारा सोडला आणि गाढ झोपल्या. खाली गुंडीनं गळा काढला. काकूंचे हात शिवशिवले, पण त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले.

"आता लेकराला सोडून वर बसली! कमाल आहे," मास्तर म्हणाले.

"बसू दे. माझी बहीण आली की तुम्ही नाही का चहाच्या टपरीवर जाऊन बसत?"

मास्तरांनी मशीन जोरात चालवायला घेतलं.

सकाळी टेम्पो आला. भावोजी आत डोकावले. "वहिनी, कुठाय ती? दोरी आणलीय."

काकू फळ्यांपुढं आडव्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात बाईसाहेब आपणहून खाली उतरल्या. गुंडीनं झेप घेऊन त्यांचा कानच तोंडात धरला. काकू फळीवरून वाकल्या. मास्तरही मान लांब करून बघत होते. बाईसाहेब गुरगुरल्या. एकदाच, बारीक. गुंडीनं कान सोडला आणि उताणी पडून पोट दाखवलं. दात दिसलेच नाहीत. बाईसाहेबांनी लेकीचा दुखरा कान चाटून काढला, सावकाश, अगदी मन लावून.

"आधी कापड उतरव," मास्तर भावाला म्हणाले.

"आणि कुत्री?"

"तिला आत्ता वेळ नाही."

भावोजींनी दोरी खिशात कोंबली. काकू फळीपाशी उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. बाईसाहेब चाटायचं आटोपून पुन्हा वर चढल्या, तशी गुंडी खाली रडायला लागली. या वेळी तिला उचलायला निघाले ते मास्तर.

"अहं," काकू हळूच म्हणाल्या, "राहू दे जरा."