आमच्या घरचा दूत

आमचा महिपतीदादा नट आहे, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. पहिल्या चित्रपटात त्याने मुडदा केला. नंतर बढती मिळून हवालदार झाला. मुंबईच्या नाटकांत तो बरीच वर्षं दुसऱ्या अंकात यायचा आणि त्याच अंकात जायचा. मग मालिका मिळाली. त्यात तो घरातला काका. सून काहीतरी भयंकर बोलायची, कॅमेरा सगळ्यांच्या तोंडांवरून फिरायचा आणि दादा म्हणायचा, "काय?" एवढ्यावर त्याने पनवेलला फ्लॅट घेतला, तेव्हा हसण्यासारखं काही नाही. मी तरी हसते.

आमचे बाबा, गुणाजी, हसायचेही नाहीत. रोह्याला दादाचा प्रयोग झाला तेव्हा मी सासरची सगळी मंडळी घेऊन पुढे बसले होते. बाबा मुद्दाम शेवटच्या रांगेत. प्रयोग संपल्यावर दादा मेकअपसकट धावत आला. बाबा म्हणाले, "मागं पोचलं नाय." मालिका लागली की ते उठून अंगणात विहिरीपाशी जाऊन उभे राहायचे आणि आत येऊन पुन्हा तेच सांगायचे.

मी म्हणायचे, "बाबा, टीव्हीचा आवाज वाढवा की!"

"तो यंत्राचा आवाज गो. ह्याचा कुठं हाय?"

बाबांचं माप गावचं होतं. पेणच्या पलीकडे खारेपाटात आमचं गाव. चैत्र पौर्णिमेला जत्रा आणि जत्रेला नाटक. नाटक दरवर्षी तेच आणि पार्ट घराण्याचे. राजा कमळाकरच्या घरचा, मग कमळाकरला बोलता येवो न येवो. दूत आमच्या घरचा. त्याला वाक्य एकच: "महाराज, घात झाला!" पण हा दूत विंगेतून येत नाही. खाडीच्या बांधावरून ओरडत पळत सुटतो आणि लोकांमधून वाट काढत दरबारात शिरतो. माइक बाकीच्यांना, त्याला नाही. बांधावरची आरोळी स्टेजवर राजाला ऐकू गेली पाहिजे. बाबांनी चाळीस वर्षं ती पोचवली.

यंदा बाबांचे गुडघे गेले आणि दमही गेला. घरातलं कोणी उभं राहिलं नाही तर पार्ट पुंडलिकाच्या घरी जाणार, हा गावचा नियम. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "मी राजा करतो."

"राजा कमळाकरचा," मी म्हटलं. "दूत करायचा तर ये. नाहीतर तिकडेच 'काय काय' करत बस."

तो म्हणाला, "सरू, एकदा बाबांच्या तोंडून ऐकायचंय गो. पोचलं म्हणून." साठीला आलेला माणूस, पण मला त्याचा लहानपणचा चेहरा दिसला आणि फार वाईट वाटलं.

कमळाकर डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला. त्याची दुसरी शिफ्ट, म्हणून यंदा दरबार सकाळीच भरला आणि ऐन दुपारी घातापर्यंत आला. पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे भरतीही तेव्हाचीच. आमच्याकडे उधाणाला कोणी निर्धास्त बसत नाही. बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात भात होत नाही. तेव्हा माणसं बघत होती नाटक, पण कान बांधाकडे होते.

त्यात दादाने सुधारणा केली. बाबा मखमली डगला घालून, पुठ्ठ्याची ढाल घेऊन पळायचे. दादा म्हणाला, हे खोटं दिसतं, आधी भूमिकेत शिरलं पाहिजे. तो शिरला, तो थेट गुडघाभर चिखलात. उघडाबंब, डोळ्यांत पाणी, पडत-उठत असा काही धावत सुटला की धापेत 'महाराज' राहूनच गेलं. "घात झाला! घात झाला रे!"

मागे बसलेली म्हातारी काशीबाई आधी उठली. "बांध गेला गो!"

मग थांबतंय कोण? पुरुष फावडी-घमेली घेऊन पळाले, बायका खांड बुजवायला पेंढ्याचे भारे उचलून, प्रधान मिशी धरून, राजा मुकुटासकट. दादाला आधी वाटलं, लोक उभे राहून दाद देताहेत. मग सगळं गाव त्याला ओलांडून बांधाकडे गेलं आणि तो एकटाच दरबारात पोचला. मीही पळाले. ओरडणारा माझा सख्खा भाऊ आहे हे मला माहीत होतं, तरी पळाले.

बांध धडधाकट होता. पाणी काठाच्या खाली, चिखलात निवट्यांचे बोटभर मासे उड्या मारत होते. आम्ही धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिलो. कमळाकरने घड्याळ बघितलं. कंपनीची बस गेली होती.

अंगावरचा चिखलही न धुता गाव देवळात बसलं. जत्रेचं नाटक अर्धवट राहिलं असं कधी झालं नव्हतं. "मोठा आर्टिस्ट ह्यो!" कमळाकर मुकुट मांडीवर आपटत म्हणाला. "माझा खाडा झाला त्याचं काय?" पार्ट पुंडलिकाच्या घरी द्यायचा ठरलं. दादा मान खाली घालून निपचित बसला होता. मुडद्याचं काम इतकं चांगलं त्याने चित्रपटातही केलं नव्हतं. बाबांनी जन्मभर सांभाळलेला पार्ट त्याने एका दुपारी घालवला, म्हणून मला त्याचा रागही येत होता आणि कीवही.

तेवढ्यात बाबा उठले, आणि तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. कंबरेपर्यंत चिखल. हातात फावडं.

"पार्ट न्या," ते म्हणाले. "चाळीस वर्सं मी घात घात बोंबललो. एक माणूस जाग्यावरनं हालला नाय. शेंगा खात बसायचे सगळे." मग दादाकडे वळले. "माझंच वाक्य. मला पाठ. तरी फावडं घेऊन धावलो रे. पोचलं."

दादा रडायला लागला. जन्मभर ग्लिसरीन घालून रडलेला माणूस, त्याला खरं रडणं काही जमेना. नुसते खांदे हलत होते.

बाबा लंगडत देवळाच्या दारापर्यंत गेले, फावडं भिंतीला टेकवलं, आणि तिथून कानाला हात लावून ओरडले, "मागं ऐकू येत नाय!"